ड्रमचं लेबल धुऊन गेलं, मशीन म्हणतं 'ॲस्पिरिन ०.९३', साहेब म्हणतात '९३ टक्के शुद्ध'

मकरपुरा_क्यूसी

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचीच. एमएस्सी इथेच केलं आणि पाच महिन्यांपासून मकरपुरा जीआयडीसीतल्या एका छोट्या युनिटमध्ये क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासायला) आहे. लॅब म्हणजे मी, एक अटेंडंट आणि सेकंडहँड घेतलेलं एफटीआयआर, म्हणजे पदार्थ इन्फ्रारेड (आयआर) किरण कुठे शोषतो त्याचा आलेख काढणारं मशीन. सीनियर केमिस्ट दिवाळीत नोकरी सोडून गेले, त्यामुळे विचारायला कुणीच नाही.

गेल्या पावसात गोदामात गुडघाभर पाणी शिरलं. खालच्या रांगेतल्या दोन फायबर ड्रमच्या लेबलांचा लगदा झाला. आत पॉलिथिनची दुहेरी पिशवी होती म्हणून माल वाचला, असं स्टोअरचं म्हणणं. दोन्हींत पांढरी पावडर. साहेब म्हणाले, "आयआर मार आणि सांग काय आहे ते, अर्ध्या तासाचं काम."

पहिल्या ड्रममधली पावडर केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये) घोटून गोळी दाबली. वेव्हनंबर २५०० ते ३३०० पर्यंत पसरट उतार आला. १७५२ आणि १६९० ला दोन जोरदार पीक, मग १६०५, १४५८, १३०६, ११८५ च्या जवळपास, ९१७, ७५५. एवढं ठीक. पण ३४०० च्या आसपास एक गोल फुगवटा आहे, ३२३५ ला एक बारीक टोक आहे, १६९० च्या खांद्यावर १६६० ला काहीतरी बसलंय, आणि २३५० ला दोन छोटी शिंगं आहेत.

मशीनमधल्या लायब्ररीनं (ओळखीच्या आलेखांच्या साठ्यानं) पहिलं नाव दिलं ॲसेटिलसॅलिसिलिक ॲसिड, म्हणजे ॲस्पिरिन, स्कोअर ०.९३. साहेबांनी आकडा बघितला आणि म्हणाले, "९३ टक्के शुद्ध. राहिलेला ओलावा असेल. ओव्हनला लाव आणि रिलीज कर."

मला हे पटत नाहीये, पण का पटत नाही ते त्यांना सांगता येत नाहीये. ०.९३ म्हणजे नक्की काय? आणि ती जास्तीची चार चिन्हं कुणाची?

सावली_पॉलिमर

०.९३ उत्तम की हो. आमच्याकडे प्लास्टिकच्या दाण्यांचा स्कोअर ०.९० च्या वर गेला की गाडी खाली करून घेतात. गोळ्या कशाला दाबत बसता, एटीआरची जोडणी घ्या. हिऱ्यावर चिमूटभर ठेवायचं, स्क्रू आवळायचा, मिनिटात काम.

दांडियाबाजार_काका

सावलीकर, तुमच्या दाण्यांच्या बादल्या होतात. हा माल कुणाच्या तरी पोटात जायचा असेल.

मुली, आधी साहेबांचे ९३ टक्के बघू. त्यांना एवढंच विचार, की गोळीत पावडर किती आणि ब्रोमाइड किती? दीडदोन मिलिग्रॅमला दोनशे, असंच घातलं असशील. म्हणजे ती गोळी ९९ टक्के पोटॅशियम ब्रोमाइडची आहे. स्कोअर म्हणजे शुद्धता असती तर मशीननं ०.०१ दाखवायला हवं होतं.

तो आकडा सांगतो फक्त दोन आलेखांच्या आकाराचं साम्य. सॉफ्टवेअर दोन्ही आलेख ताणून एका मापाचे करतं, एकावर एक ठेवतं आणि किती जुळतात ते मोजतं. जे आयआरला दिसतच नाही त्याचा त्यात हिशेबच नसतो. उद्या त्या ड्रममध्ये कुणी तीस टक्के मीठ कालवलं तरी स्कोअर जागचा हलायचा नाही. उलट अगदी अस्सल माल, पण जाडाभरडा घोटलेला, गोळी धुरकट, बेसलाइन (आलेखाची पायारेघ) पावागडच्या पायऱ्यांसारखी चढती, तर ०.८० सुद्धा येईल. तेव्हा स्कोअर म्हणजे "या नावापासून शोध सुरू करा" एवढाच इशारा. पुढचं डोळ्यांनी बघायचं.

आता काय बघायचं ते. आमच्या वाड्यात अजून झोपाळा आहे, त्यावर बसूनच लिहितोय. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या ठेक्यात ढकललं तर तो उंच जातो, भलत्या ठेक्यात ढकललं तर नुसते हात दुखतात. रेणूतला बंधही तसाच. इन्फ्रारेड किरणाचा ठेका बंधाच्या ठेक्याशी जुळला की बंध तेवढी ऊर्जा गिळतो आणि त्या जागी आलेख खाली उतरतो. (आमच्या शेतात पीक खालच्या बाजूला उगवतं.) झोपाळ्याची उपमा मात्र इथेच सोडायची, कारण झोपाळ्याला बसणाऱ्याच्या वजनाशी देणंघेणं नसतं आणि बंधाला असतं. पुढे स्प्रिंग धर. स्प्रिंग कडक तर ठेका जलद, म्हणून कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध १७०० च्या आगेमागे आणि एकेरी १००० ते १३०० मध्ये. टोकाचा अणू जड तर ठेका मंद, म्हणून कार्बन-हायड्रोजन २९०० च्या आसपास, पण हायड्रोजन काढून ड्युटेरियम बसवलं की तोच बंध २१०० ते २२०० वर उतरतो. हे आकडे म्हणजे वेव्हनंबर, एका सेंटीमीटरमध्ये किती लाटा मावतात ते.

आणखी एक अट असते. हलताना बंधाच्या दोन टोकांमधला विद्युतभार डगमगला पाहिजे. नायट्रोजन, ऑक्सिजनमध्ये दोन्ही टोकं सारखीच, म्हणून ते दिसत नाहीत. दिसले असते तर उघड्या हवेत आयआर करताच आलं नसतं. कार्बन डायऑक्साइड मात्र दिसतो. तुझी २३५० ची दोन शिंगं ड्रममधली नाहीत, तुझी आहेत. बॅकग्राउंड (सॅम्पलशिवायचा रिकामा आलेख) सकाळी घेतलंस, गोळी दुपारी लावलीस, आणि मधल्या वेळात तुम्ही दोघं त्या खोलीत श्वास सोडत होतात.

३४०० चा फुगवटा पाण्याचा. केबीआर हवेतलं पाणी ओढतं आणि तुमची बाटली बहुतेक पावसाळ्यापासून अर्धी उघडी असेल. ११० अंशांना रात्रभर ठेव, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारी सिलिका ठेवलेल्या बंद भांड्यात) गार कर, मग घोट. डेसिकेटरमधली सिलिका निळी आहे की गुलाबी तेही बघ. गुलाबी असेल तर तो डेसिकेटर नाही, नुसतं काचेचं भांडं आहे.

खरी गोम राहिलेल्या दोघांत आहे. ॲस्पिरिनमध्ये कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचे दुहेरी बंध) दोन. एस्टरचा १७५० च्या वर, आम्लाचा १६९० ला. दोन्ही तुला मिळाले, म्हणजे ड्रममध्ये ॲस्पिरिन आहे, यात वाद नाही. पण ॲस्पिरिनला ओल लागली की ते फुटतं आणि सॅलिसिलिक ॲसिड व ॲसेटिक ॲसिड होतं. सॅलिसिलिकमध्ये एस्टर नाही, त्यामुळे १७५० ची जागा रिकामी. त्याचा आम्लाचा कार्बोनिल शेजारच्या ओएचचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा) हात धरून बसतो, म्हणून ढिला पडून १६६० पर्यंत घसरतो. आणि तो शेजारचा फिनॉलचा ओएच ३२३५ च्या आसपास डोकावतो. शुद्ध ॲस्पिरिनमध्ये तो ओएच मोकळा नसतोच, त्याच्यावर ॲसेटिल बसलेलं असतं.

पण घाई नको. पाण्याचं दुसरं पीक १६४० ला येतं, आणि ओल्या गोळीत ते १६६० सारखं भासू शकतं. आधी कोरड्या केबीआरची गोळी कर. फुगवटा गेला आणि १६६० व ३२३५ दोघंही जागेवर राहिले, तर सॅलिसिलिक.

दुसरी परीक्षा पाच रुपयांची. चिमूटभर पावडर थोड्या अल्कोहोलात विरघळवून फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाक. जांभळा रंग आला तर मोकळा फिनॉल आहे. सोबत चांगल्या स्टँडर्डची दुसरी परीक्षानळी ठेव, म्हणजे साहेबांना रंग समोरासमोर दाखवता येईल. आणि ड्रम उघडताना व्हिनेगरचा वास आला का, ते तू लिहिलंच नाहीस.

ओव्हनला लावू नको. ओल्या ॲस्पिरिनला ऊब दिलीस तर उरलंसुरलंही फुटेल.

सावली_पॉलिमर

काका, मान्य. पण एटीआरबद्दल बोललो ते चुकीचं नव्हतं. केबीआरच नाही तर ओल कुठून येणार?

दांडियाबाजार_काका

चुकीचं नाही, पण त्याचे नखरे वेगळे. एटीआरमध्ये किरण हिऱ्यातून परत फिरताना सॅम्पलमध्ये जेमतेम एकदोन मायक्रॉन शिरतो, तोही कमी वेव्हनंबरला जास्त आणि जास्त वेव्हनंबरला कमी. त्यामुळे ३००० च्या बाजूचे पीक बुटके दिसतात आणि १००० च्या बाजूचे फुगलेले. लायब्ररी गोळ्यांवरून केलेली असेल आणि तुम्ही एटीआरचा आलेख तिच्याशी ताडून बघितलात, तर स्कोअर उगाच पडतो. शिवाय २००० च्या आसपास हिरा स्वतःच किरण खातो, त्या भागात नायट्राइल किंवा अल्काइन (तिहेरी बंधवाले) शोधत असाल तर सांभाळून. दाणे वरून तेलकट किंवा पावडर लावलेले असतील तर एटीआर तुम्हाला तेलच दाखवणार, दाणा नाही. चाकूनं कापून आतली बाजू लावा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये गोंधळ होत नसेल तुमचा, १३७६ ला मिथाइल ठसठशीत असला की पीपी. पण रिसायकल केलेल्या मालात दोन्ही एकत्र येतात, तेव्हा पॉलिथिनची ७२० आणि ७३० ची जोडी बघत जा.

सावली_पॉलिमर

कापून लावायचं आमच्या एसओपीत (ठरलेल्या कार्यपद्धतीत) नाही. उद्या बघतो.

फतेगंज_एमएस्सी

एक शंका. दोनचार टक्क्यांची भेसळ आयआरला नीट दिसत नसेल, तर ओळख पटवायला आयआर हवंच कशाला? सरळ एचपीएलसी करावं, त्यात मिश्रणातली द्रव्यं वेगळी होऊन मोजता येतात. कॉलेजात आम्हाला इन्फ्रारेड शोधणाऱ्या हर्शेलनं १८०० साली थर्मामीटर लाल रंगाच्या पलीकडे धरला इथपासून सगळं शिकवलं, पण हे कुणी सांगितलं नाही.

दांडियाबाजार_काका

एचपीएलसीवर तुला दिसतं की काहीतरी सव्वाचार मिनिटांनी बाहेर आलं. सव्वाचार मिनिटांनी बाहेर येणारी दहा द्रव्यं असू शकतात. आयआरचं तसं नसतं. १५०० च्या खाली जी गर्दी असते ना, जिला फिंगरप्रिंट म्हणतात, तिथे आख्खा रेणू एकदम थरथरतो, आणि ती गर्दी दोन वेगवेगळ्या रेणूंची हुबेहूब सारखी नसते. अपवाद आरशातल्या प्रतिमेसारखे डावे-उजवे रेणू, त्यांच्यात साध्या आयआरला फरक कळत नाही. कोब्लेंट्झनं १९०५ मध्ये शेकडाभर द्रव्यांचे आलेख छापले तेव्हापासून लोक हेच करत आले, अनोळखी आलेख ओळखीच्याशेजारी ठेवायचा. इंडियन फार्माकोपियातही (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथातही) कित्येक औषधांची ओळख अशीच पटवतात, गाझियाबादच्या फार्माकोपिया आयोगाकडून येणाऱ्या रेफरन्स स्टँडर्डशेजारी.

म्हणजे "हे कोण" याला आयआर, "किती आणि सोबत कोण" याला दुसरं काहीतरी. दोघांची सरमिसळ केली की माणसं मरतात. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिनमधून डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य पोटात जाऊन चौदा रुग्ण दगावले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. मी तेव्हा नोकरीत होतो. आठवडाभर आमच्या लॅबमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नाही. दोन्ही द्रव्यं ओएचनं भरलेली, दोन्हींचे सी-ओ (कार्बन-ऑक्सिजन) पीक एकाच गल्लीत. ग्लिसरिनमध्ये थोडं ग्लायकॉल असेल तर आयआरमध्ये ते ग्लिसरिनच्या आड लपतं. आज अमेरिकन फार्माकोपियात ग्लिसरिनच्या ओळख-चाचणीतच गॅस क्रोमॅटोग्राफी घातलीय आणि ग्लायकॉलची मर्यादा ०.१ टक्का आहे. ओळखीच्या चाचणीत, हे ध्यानात घे.

हर्शेल शिकवला ते बरंच झालं. पण थर्मामीटरला "पलीकडे काहीतरी आहे" एवढंच कळलं होतं.

मकरपुरा_क्यूसी

काका, सगळं केलं. सिलिका गुलाबी होती. गुलाबी कसली, पांढरट.

केबीआर वाळवून नवी गोळी केली, बॅकग्राउंड लगेच आधी घेतलं. शिंगं गेली, ३४०० चा फुगवटा जवळजवळ सपाट. १६६० आणि ३२३५ जागेवर. स्कोअर ०.९५ झाला! माल तोच, फक्त गोळी कोरडी. साहेबांना दोन्ही प्रिंट दाखवून विचारलं, रात्रीत दोन टक्के शुद्ध कसा झाला? ते काही बोलले नाहीत, चहा मागवला.

फेरिक क्लोराइडला गडद जांभळा. स्टँडर्डची नळी नुसती पिवळसर. वास होता, लिहायला विसरले. अटेंडंट पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "मॅडम, लोणच्यासारखा वास येतोय." मी हसले होते. ड्रमवर होल्डचं लेबल लावलंय, सॅम्पल बाहेरच्या लॅबला एचपीएलसीसाठी गेलं.

आता दुसरा ड्रम. त्यानं मला वेड लावलंय. तीन गोळ्या केल्या, तीनदा सपाट. ३४०० आणि १६४० ला अगदी हलकं पाणी, बाकी ४००० पासून ४०० पर्यंत सरळ रेघ. लायब्ररी दर वेळी वेगळं नाव सांगते, ०.४, ०.५, एकदा कुठलं तरी सिलिकॉन तेल. मला वाटलं सॅम्पल घालायलाच विसरले, म्हणून तिसऱ्या वेळी दुप्पट घातलं. तरी तेच. मशीन बिघडलं का?

फतेगंज_एमएस्सी

डिटेक्टर गेला असेल.

दांडियाबाजार_काका

डिटेक्टर गेला असता तर पाणीही दिसलं नसतं. तरी खात्री करायची तर पॉलिस्टायरिनची फिल्म लाव, मशीनसोबत पुठ्ठ्याच्या चौकटीत आली असेल. १६०१ आणि १०२८ जागेवर आले म्हणजे मशीन ठणठणीत.

आणि काही दिसत नाही म्हणजे काही कळत नाही असं नव्हे. सेंद्रिय द्रव्य असतं तर २९०० ला, १७०० ला, कुठेतरी ओरडलंच असतं. म्हणजे ते नाही. मग अकार्बनी क्षार. पण त्यातही कार्बोनेट असतं तर १४५० च्या आसपास रुंद खड्डा पडला असता, नायट्रेट १३८० ला, सल्फेट ११०० ला. त्या आयनांच्या पोटात बंध असतात, ते हलतात. ज्याच्या पोटात बंधच नाही, नुसते गोळ्यासारखे आयन रचून ठेवलेत, ते ४०० च्या वर गप्प बसतात. तुझं केबीआर त्यातलंच. आणि त्याचं भावंड म्हणजे...

थांब, आधी एक सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा गोळीचा साचा सायबांच्या कपाटात असायचा. आम्ही द्रव पदार्थ मिठाच्या दोन चकत्यांमध्ये धरायचो. सोडियम क्लोराइडचे पॉलिश केलेले स्फटिक, काचेसारखे पारदर्शक, महागडे. काच आयआर अडवते, मीठ ६५० पर्यंत आरपार जाऊ देतं. एका जुलैत नव्या मुलानं त्या चकत्या प्रेमानं ओल्या फडक्यानं पुसल्या. संध्याकाळी त्यांच्यातून समोरची भिंत दिसेना. सायबांनी त्याला ओरडण्याऐवजी शेवउसळ खायला नेलं आणि तिथे मिठाची वाटी त्याच्यापुढे सरकवून म्हणाले, "घे, तुझी खिडकी." तो मुलगा मीच.

तर तुझा दुसरा ड्रम क्लोराइड असावा. चाखून बघायचं नाही, कितीही मोह झाला तरी. पाण्यात विरघळव, नायट्रिक ॲसिडचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेट. दह्यासारखा पांढरा साका आला आणि अमोनियात विरघळला की क्लोराइड. मग ज्योतीत तार धर. गडद पिवळी आली तर सोडियम.

आणि स्टोअरवाल्याला एकदा विचार, पाण्याचा सॉफ्टनर कुठे ठेवलाय.

मकरपुरा_क्यूसी

साका आला, अमोनियात विरघळला, ज्योत पिवळी. पॉलिस्टायरिनही जागेवर.

स्टोअरला गेले. सॉफ्टनर बाहेर शेडमध्ये आहे. रसिकभाईंनी ड्रम बघितला आणि म्हणाले, "बेन, ए तो सॉफ्टनरनुं मीठुं छे, अमने तो खबर ज हती." गोदामातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नाही, मीही त्यांना विचारलं नाही.

साहेबांना अजून सांगितलेलं नाही. काका, "ओळख: सोडियम क्लोराइड" असा रिपोर्ट लिहिताना आयआरची सपाट रेघ जोडायची का?

दांडियाबाजार_काका

जोड. खाली पॉलिस्टायरिनची जोड, नाहीतर साहेब म्हणतील मशीन बंद होतं.